एम.बी.ए., व्हाया चांदूर रेल्वे

पात्रता

प्रवेशासाठी पदवी लागते, गुण लागतात, फोटो आणि सही अपलोड करावी लागते. हे सगळं माहितीपुस्तकात दिलेलं असतं, त्यात इथे वेळ घालवत नाही. खरी पात्रता माहितीपुस्तकात नसते. आपल्याच कार्यालयात, आपल्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान असा माणूस वरच्या खुर्चीवर येऊन बसतो, पहिल्याच बैठकीत तीनदा 'आउटपुट' म्हणतो, आणि त्याच्या पाटीवर नावापुढे एम.बी.ए. असतं. त्या संध्याकाळी घरी जाताना झेरॉक्सच्या दुकानासमोर तुमची गाडी आपोआप हळू झाली असेल, तर तुम्ही पात्र आहात.

सोयीसाठी असं धरू, की तुम्ही चांदूर रेल्वे तालुक्याच्या एखाद्या सरकारी कार्यालयात कारकुनाच्या टेबलावर आहात, वय पस्तिशीच्या आसपास, घरची चार-सहा एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. बँकवाल्यांनी 'साहेब' असेल तिथे 'मॅनेजर' वाचावं. शिक्षकांनी काहीच बदलायची गरज नाही, त्यांना सगळी कामं तशीही लावलेलीच असतात.

कुठून करावं

अमरावतीला विद्यापीठ आहे. 1 मे 1983ला ते नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं, आणि शाळेची पायरी न चढलेल्या गाडगेबाबांचं नाव आज त्याला आहे. तिथलं एम.बी.ए. चांगलं, पण ते दिवसा. दिवसा तुम्ही टेबलावर असता. निदान असायला पाहिजे.

मुंबईला चर्चगेटजवळ जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट आहे, 1965ची. तिथे नोकरदारांसाठी संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम नावाजलेले आहेत. चांदूर रेल्वेहून संध्याकाळच्या वर्गाला जायचं तर आदल्या संध्याकाळी निघावं लागेल, आणि वर्ग सुटल्यावर पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीचं मस्टर लाल झालेलं असेल. तेव्हा ते सोडा.

उरली मुक्त विद्यापीठं. एक दिल्लीचं, इंदिरा गांधींच्या नावाचं, 1985चं. त्याला सगळे इग्नू म्हणतात. दुसरं नाशिकचं, यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं, 1989चं. त्याला सगळे नुसतं 'मुक्त' म्हणतात, आणि अमरावतीत त्याचं विभागीय केंद्र आहे. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. म्हणजे घरबसल्या पदवी देणाऱ्या दोन्ही घरांचं कुलदैवत एकच म्हणायला हरकत नाही. ताकवले त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. नियमित वर्गांचं विद्यापीठ चालवून झाल्यावर हा माणूस वर्गच नसलेल्या विद्यापीठाच्या मागे का लागला, याचं उत्तर पुण्यात बसून समजत नाही. नोकरी, शेती आणि म्हातारे आईबाप सोडून गाव हलवता येत नाही अशा माणसाच्या ओसरीवर बसलं की समजतं.

या मार्गदर्शनात पुढचे आकडे इग्नूचे आहेत. नाशिकवाल्यांनी आपापले आकडे घालून घ्यावेत, हाल सारखेच.

पत्ता

प्रवेशअर्जातला सगळ्यात अवघड रकाना पत्त्याचा. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर रेल्वे, एक चांदूर बाजार. दोन्ही तालुक्याची गावं, दोन्हीकडे तहसील, दोन्हीकडे आपल्याच आडनावाची माणसं. आपला पिनकोड 444904, त्यांचा 444704. एका आकड्याचा फरक. घाईत नऊच्या जागी सात पडला, की संघटनवर्तनाचं पुस्तक चांदूर बाजारच्या कुणा सद्गृहस्थाच्या घरी जाऊन पडतं आणि ते महिनाभर त्याच्यावर धने वाळत घालतात. 'चांदूर (रे.)' असं कंसात आखडून लिहू नका. दिल्लीच्या माणसाला 'रे' म्हणजे काय ते कळण्याचं कारण नाही. 'रेल्वे' पूर्ण लिहा, 'व्हाया बडनेरा' लिहा. मोबाइल नंबर दोन द्या. एक तुमचा, एक बायकोचा. तुमचा नंबर कार्यालयात असताना लागत नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

गावाच्या नावात रेल्वे आहे म्हणून पार्सलवाल्यांचा समज होतो, की इथे सगळ्या गाड्या थांबत असतील. हावडा-मुंबईचा मुख्य मार्ग गावातून जातो हे खरं. थांबा मिळवण्यासाठी गावाला रुळावर बसावं लागलेलं आहे हेही खरं.

गुप्तता

अनुभवी लोक सांगतात, की निकाल लागेपर्यंत कुणाला सांगू नये. सल्ला उत्तम, पण पाळता येत नाही. पदवीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स काढायला गेलात तिथेच गुपित संपलं. दुकानदार कागद काचेवर उलटा ठेवता ठेवता वाचतो आणि विचारतो, "काऊन भाऊ, पोराची ॲडमिशन?" तुम्ही "नाही, माझीच" म्हणता. मागे रांगेत सातबाऱ्याची प्रत काढायला आलेला तुमचा चुलत मामा उभाच असतो. रात्रीच्या जेवणाआधी गावातल्या दोन वॉर्डांत बातमी पोचते, आणि सकाळी दूधवाला विचारतो, "आता या वयात कायले डोकं लावून रायले? पोट्टं दहावीत हाय ना तुमचं?"

अशा प्रश्नांना उत्तर देऊ नये. 'बढतीसाठी' म्हटलं तर बढती मिळाली का हे दर पोळ्याला विचारतील. 'ज्ञानासाठी' म्हटलं तर डॉक्टरकडे न्यायची भाषा करतील. नुसतं "असंच" म्हणावं. वऱ्हाडात "असंच" हे पूर्ण उत्तर आहे आणि त्याच्यापुढे कुणी जात नाही.

अविवाहित वाचकांसाठी मात्र नियम उलटा आहे. त्यांनी प्रवेश घेतला त्याच दिवशी बायोडाटा नवा छापून घ्यावा. 'एम.बी.ए. (चालू)' हे तीन-चार वर्षं चालू शकतं. लग्नाच्या बाजारात या पदवीची किंमत निकालाच्या आधीच जास्त असते. निकालानंतर पगार विचारतात.

वेळ

आता हिशेब. इग्नूच्या एम.बी.ए.ला 116 श्रेयांक आहेत. विद्यापीठाच्या मते एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास. 116 गुणिले 30, झाले 3480 तास. दोन वर्षांत पदवी घ्यायची तर रोज पावणेपाच तास. रविवार धरून, पोळा धरून, आत्याच्या तेरवीचा दिवस धरून. चार वर्षांची कमाल मुदत पूर्ण वापरली तरी रोज दोन तास वीस मिनिटांच्या वर.

हा आकडा एकदा शांतपणे पाहून घ्यावा आणि पुन्हा पाहू नये. नोकरी करणाऱ्या माणसानं हे तास भरल्याचं मी ऐकलेलं नाही. या शिक्षणाला 'अर्धवेळ' म्हणतात ते कोणत्या वेळेचं अर्धं, हे कुणी सांगत नाही. नोकरीचा वेळ ठरलेला, शेतीचा वेळ पावसानं ठरवलेला, घरच्यांचा वेळ त्यांनी गृहीत धरलेला. उरलेल्यातून तुम्ही जे खरवडून काढाल ते व्यवस्थापन.

घरी अभ्यास होत नाही, हे पहिल्या आठवड्यात कळतं. पाहुणे आले की पुस्तक मिटून "बसा" म्हणावं लागतं, आणि पाहुण्यांना वाटतं की आपण आलो म्हणून याची सुटका झाली. कार्यालयात सुटल्यावर बसावं म्हटलं तर शिपायाला कुलूप लावायचं असतं. यावर चांदूरच्या माणसाकडे असा उपाय आहे, जो गावाच्या नावातच आहे: रेल्वे स्टेशन. प्लॅटफॉर्म तिकीट 10 रुपयांचं, दोन तास चालतं. डोक्यावर पंखा आणि दिवा असलेला बाक शोधावा. नुसता दिवा असेल तर हिवाळ्यात चालतो. पाहुणे इथे फक्त उतरतात आणि गावात निघून जातात, बसत नाहीत. दोन तास संपत आले की माणूस पानं भराभर उलटतो, ही तिकिटाची वेगळी सोय. कोळशाची मालगाडी गेली की वाचलेलं वाक्य पुन्हा वाचावं लागतं; व्यवस्थापनाच्या पुस्तकातली वाक्यं तशीही दोनदा वाचल्याशिवाय कळत नाहीत, तेव्हा मालगाडीवर राग नको.

तिकीट मात्र काढा. तिकीट तपासनिसानं पकडलं आणि हातात 'व्यावसायिक नीतिमत्ता' असं पुस्तक निघालं तर दंडाहून लाज जास्त.

अभ्यासक्रमाची तोंडओळख

पुस्तकं इंग्रजीत असतात आणि त्यांतली माणसं परदेशात. त्यांच्याशी आधी घसट वाढवावी. फ्रेडरिक टेलरनं 1911मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिलं. मजूर फावड्यानं एका खेपेला किती माल उचलतो हे तो घड्याळ लावून मोजत असे. हे रोजगार हमीच्या मोजमापाची वही भरलेल्या कारकुनाला लगेच समजतं. फक्त आपल्याकडे मोजमाप आधी लिहितात की खड्डा आधी खणतात, याची चर्चा उत्तरपत्रिकेत नको.

मास्लोची मांडणी 1943ची. माणसाला आधी भाकर लागते, मग सुरक्षितता, मग माणसं, मग मान, आणि सगळ्यात वर आपल्यात जे होण्याची कुवत आहे ते होणं. हे पाच थर त्रिकोणात काढतात. तो त्रिकोण मास्लोनं स्वतः काढलेलाच नाही, मागाहून दुसऱ्यांनी काढला. तुम्ही तरी काढा, आणि पट्टीनं काढा. गुण त्रिकोणाला आहेत.

तुमचा खरा माणूस मात्र आंरी फेयॉल. हा फ्रान्समधल्या खाणकंपनीचा मोठा साहेब. 1916मध्ये त्यानं व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं मांडली. वाचताना असं वाटतं, की हा कधीतरी आपल्या आस्थापना विभागात बसून गेला असावा. त्याचं एक तत्त्व अधिकारांच्या साखळीचं. कागद खालून वर एकेक कडी चढत जाणार आणि वरून खाली एकेक कडी उतरत येणार. कनिष्ठ सहायकानं टिपणी ठेवली, वरिष्ठ सहायकानं 'पहावे' लिहिलं, अधीक्षकांनी 'चर्चा करावी' लिहिलं, साहेबांनी 'नियमानुसार' लिहिलं, आणि फाईल त्याच वाटेनं खाली आली. फेयॉलला स्वतःलाच पुढे शंका आली, की अशानं काम कधी व्हायचं? म्हणून त्यानं एक पळवाट दिली: दोन विभागांतल्या समान दर्जाच्या माणसांनी साखळी टाळून, वरिष्ठांच्या संमतीनं, आडवं एकमेकांशी बोलून घ्यावं. त्याला त्यानं फळीच्या पुलासारखं नाव दिलं. आपल्याकडे या पुलावर चहा मिळतो. तालुक्यातल्या बहुतेक फायली कार्यालयासमोरच्या टपरीवरच एका विभागातून दुसऱ्या विभागात जातात. कार्यालयात फक्त त्यांची आवक-जावक होते.

त्याचं दुसरं तत्त्व आदेशाच्या एकतेचं: एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा. हे वाचताना हसू आवरावं. शेजारच्या बाकावर लोक बसलेले असतात.

असाइनमेंट

प्रत्येक विषयात 30 टक्के गुण घरी लिहून द्यायच्या उत्तरांना आणि 70 टक्के परीक्षेला. ही घरची उत्तरं हातानं लिहावी लागतात. सतत टंकलेखन करणाऱ्या आणि उरलेला वेळ सह्या करणाऱ्या माणसाचा हात पाचव्या पानावर बंड करतो. त्यामुळे बाजारात तयार उत्तरं मिळतात, ती उतरवून काढणारे भाचे-पुतणे मिळतात, आणि भाच्याचं अक्षर मामाच्या अक्षरापेक्षा चांगलं असल्यानं मामाची परीक्षा देताना पंचाईत होते. मार्गदर्शक म्हणून मला हे सगळं माहीत असलं पाहिजे, शिफारस नाही.

खरा पेच पुढेच आहे. व्यवस्थापनाच्या असाइनमेंटमधल्या प्रश्नांची एक जुनी खोड आहे. कोणतीही संकल्पना समजावून सांगायला सांगतात, आणि मग म्हणतात: तुमच्या परिचयाच्या संस्थेतलं उदाहरण द्या; ज्या संस्थेविषयी लिहीत आहात तिचं थोडक्यात वर्णन करा.

आता तुमच्या परिचयाची संस्था म्हणजे तुमचं कार्यालय. 'संघर्ष व्यवस्थापन' या प्रश्नाला तिथलं खरं उदाहरण दिलं, तर एकाच आलमारीच्या किल्लीवरून दोन विभागांत वर्षभर चाललेला पत्रव्यवहार लिहावा लागेल. 'अभिप्रेरणा' या प्रश्नाला लिहावं लागेल, की बदलीची यादी येण्याआधीच्या पंधरवड्यात सर्व कर्मचारी अत्यंत अभिप्रेरित असतात. हे लिहून पुढे कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. म्हणून नवशिक्याला माझा स्पष्ट सल्ला, की इन्फोसिस लिहावं. सगळे इन्फोसिस लिहितात. कंटाळा आला तर मुंबईचे डबेवाले लिहावेत. चांदूर, धामणगाव, तिवसा, नांदगाव खंडेश्वर या चार तालुक्यांतून जेवढ्या लोकांनी डबेवाल्यांवर लिहिलं असेल, तेवढ्यांनी त्यांचा डबा खाल्लेला नाही.

पण कधीतरी रात्री अकराला, समोर साठ्याच्या व्यवस्थापनाचा प्रश्न असताना, इन्फोसिसमध्ये साठा कसला असतो हे आठवत नाही. डबेवाले तर साठा करतच नाहीत. अशा वेळी मान वर करावी. तुम्ही ज्या खोलीत बसला आहात तिच्या तीन भिंतींना छतापर्यंत कापूस लागलेला असतो.

2022च्या सुरुवातीला कापूस क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात अख्ख्या वऱ्हाडानं तोच भाव पुन्हा येईल म्हणून कापूस घरात भरला. समोरच्या खोलीत, देवघराच्या पडवीत, पोरांच्या पलंगाखाली. भाव वर जायच्या ऐवजी खाली आला. ज्यांनी आणखी थांबायचं ठरवलं त्यांच्या घरात पोरांच्या अंगाला खाज सुटली, उंदरांनी वेत घातले, आणि घरातल्या बाईनं "हा कापूस जाईल की मी जाऊ" असा सरळ पर्याय ठेवला. साठा कधी करावा, किती करावा, सांभाळायला खर्च किती, यावर 1913 साली फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या अमेरिकन माणसानं एक सूत्र मांडलं. ते तुमच्या पुस्तकात चौकटीत छापलेलं आहे. मागणी, मागवण्याचा खर्च, ठेवण्याचा खर्च, आणि वर्गमूळ. त्या सूत्रात खाजेला चिन्ह नाही.

याच खोलीतून तुम्ही पूर्ण असाइनमेंट काढू शकता. पाच क्विंटल कापसाला साधारण 170 किलो रुईची एक गाठ होते, बाकी मुख्यतः सरकी. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12च्या वर गेला की गाडी परत. म्हणजे 'गुणवत्ता नियंत्रण' झालं. पहिल्या वेच्याचा पांढरा कापूस वेगळा ठेवायचा की शेवटच्या वेच्याच्या कवडीत मिसळून एकाच भावात काढायचा, हे 'उत्पादन मिश्रण', आणि त्यातच 'नीतिमत्ता' पण. वेचणीला मजूर मिळत नाहीत म्हणून किलोमागे दर वाढवून शेजारच्या गावातून ऑटो भरून बाया आणायच्या, हे 'मनुष्यबळ'. अनिश्चिततेत निर्णय कसा घेतात या प्रकरणात हर्बर्ट सायमन येतो. 1978चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. माणूस सगळ्यात उत्तम पर्याय शोधत बसत नाही, हाती आहे तेवढ्या माहितीत पुरेसा बरा वाटला की थांबतो, असं त्याचं म्हणणं. तुमच्या बाबांनी दिवाळीत अर्धा कापूस विकला आणि अर्धा ठेवला, तेव्हा ते हेच करत होते. त्यांना विचारून पाहा. ते म्हणतील, "अर्धा इकला तो चुकलं नाही, अर्धा ठेवला तो चुकलं." हे सायमनच्या पुस्तकात नाही, आणि याला गुण किती द्यायचे ते तपासणाऱ्यालाही कळणार नाही, म्हणून हे उत्तर लिहिलंत तर त्याला मथळे द्या: प्रस्तावना, संस्थेचा परिचय, विश्लेषण, निष्कर्ष. संस्थेच्या परिचयात 'कुटुंबाच्या मालकीचा कृषी उद्योग, स्थापना आजोबांच्या काळात' असं लिहा. तपासणारा नागपूरचा असो की दिल्लीचा, दोनशे इन्फोसिस वाचून झाल्यावर कापूस आला की जरा सावरून बसतो.

मला या शिक्षणात खटकतं ते एवढंच. प्रश्न विचारणारा खरोखर तुमच्या परिचयाची संस्था विचारतो, आणि आपण सगळे मिळून त्याला अपरिचित संस्था कळवतो.

परीक्षा

सत्रान्त परीक्षा वर्षातून दोनदा: जून आणि डिसेंबर. वऱ्हाडातल्या नोकरदार शेतकऱ्याला वर्षात कोणते दोन महिने अजिबात मोकळे नसतात हे शोधायला समिती नेमली असती, तरी तिनं हेच दोन सांगितले असते.

जूनमध्ये मृग लागतो. पाऊस पडला तर पेरणी, नाही पडला तर पेरणीची चिंता, आणि पेरून पाऊस गेला तर दुबार पेरणीसाठी बियाण्याच्या दुकानासमोर रांग. पेपराच्या आदल्या रात्री ढग आले की घरातले सगळे खूश होतात आणि एक माणूस पुस्तकावर डोकं ठेवून बसतो.

डिसेंबरात तूर सोंगणीला येत असते, कापसाचा दुसरा-तिसरा वेचा असतो, लग्नं असतात. शिवाय नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं. 1953च्या नागपूर कराराचा मान राखून सरकार विदर्भात येतं, आणि विदर्भातल्या कारकुनाची रजा जाते. तारांकित प्रश्न आला की जिल्ह्याहून फोन येतो, माहिती 'आजच्या आज, ईमेलने व हस्ते' पाहिजे असते. त्याच दिवशी सकाळी दहाला तुमचा पेपर 'धोरणात्मक व्यवस्थापन'. इथे रजेचा अर्ज कसा लिहावा हे सांगतो. 'परीक्षा' हा शब्द वापरू नये, तो वाचून साहेबांना आपलं वय आठवतं. 'घरगुती कारणास्तव' लिहू नये, ते कुणी मान्य करत नाही. प्रवेशाच्या वेळी परवानगीपत्र घेतलं असेल तर त्याचा जावक क्रमांक आणि दिनांक लिहावा. आपल्याकडे माणसाच्या अडचणीला किंमत नाही, जावक क्रमांकाला आहे.

केंद्र अमरावतीत मिळालं तर नशीब; तीसेक किलोमीटर. रस्ता पोहऱ्याच्या जंगलातून जातो. पहाटे मोटारसायकलवर निघालात तर रोही आडवे येतात, बिबट्याचीही वस्ती आहे, तेव्हा हेडफोन लावून विपणनाचे चार 'पी' ऐकत जाऊ नये. आदल्या रात्री अमरावतीत नातेवाइकाकडे मुक्काम करावा असं काही जण सुचवतात. नातेवाईक प्रेमानं रात्री बारापर्यंत पाटवडीचा रस्सा खायला घालतात आणि सकाळी विचारतात, "पेपर सोपा असंल ना? तू तर ऑफिसातच असतं." मुक्काम टाळावा. गिला वडा पेपर झाल्यावर खावा, आधी नाही. तीन तास बसायचं असतं.

तीन तास हातानं लिहिणं ही शरीराची परीक्षा आहे हे आधी कुणी सांगत नाही. महिनाभर आधी रोज दोन पानं लिहून हात तयार करा. काय लिहावं सुचत नसेल तर आपल्याच विरुद्धच्या कारणे दाखवा नोटिशीचे खुलासे लिहावेत. भाषा तीच असते.

प्रकल्प

शेवटी प्रकल्प अहवाल. विषय स्वतः निवडायचा असतो, म्हणजे मार्गदर्शक सांगतील तो. माझ्या मते आपल्या तालुक्यात एक उत्तम विषय पडून आहे: सावंगा विठोबा. गुढीपाडव्याला तिथे यात्रा भरते, भाविक कापूर जाळतात. एवढी गर्दी, एवढा जाळ, एवढी वाहनं एका खेड्याच्या रस्त्यांवर. गर्दी कशी वळवतात, पाणी कुठे ठेवतात, कचरा दुसऱ्या दिवशी कोण उचलतं, यावर मोजमापासहित शंभर पानं सहज होतील. शिवाय पाडवा बहुधा मार्चअखेरच्या आगेमागे येतो, जेव्हा सरकारी माणूस निधी खर्ची टाकण्यात बुडालेला असतो. त्यामुळे 'परस्परविरोधी मुदतींचे व्यवस्थापन' हे प्रकरण आपोआप तयार.

मार्गदर्शक हा विषय नाकारतील. ते 'अमुक कंपनीच्या ग्राहकांचे समाधान: एक अभ्यास' सुचवतील, कारण त्याची प्रश्नावली तयार आहे. वाद घालायचा की नाही हे तुमचं वय आणि उरलेली मुदत पाहून ठरवा. घालायचा ठरवलात तर विषयाच्या नावात 'सेवा परिचालन' आणि 'हितधारक' हे दोन शब्द घाला. विठोबा शेवटी कंसात येऊ द्या.

पदवी मिळाल्यावर

निकाल लागला, पदवीचा कागद आला. (पिनकोड बरोबर होता.) फ्लेक्स लावू नका, गावात दहावी पास झाल्याचेही लागतात. आधी सेवापुस्तकात नोंद करून घ्या. आस्थापनेच्या टेबलावरचा माणूस चष्म्यावरून पाहील आणि विचारेल, "हे रेग्युलर हाय का बाहेरून?" त्याला सांगा, की विद्यापीठ अनुदान आयोगानं सप्टेंबर 2022मध्ये स्पष्ट केलंय: मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. तो म्हणेल, "तसं परिपत्रक जोडा." तुम्ही जोडलेलंच असतं. तो म्हणेल, "पूर्वपरवानगी?" तीही जोडलेली असते, जावक क्रमांकासहित. तो म्हणेल, "दोन प्रती." त्याही असतात.

मग तो कागद उलटसुलट पाहतो, शिक्का शोधायला खण उघडतो, आणि खणात हात तसाच ठेवून आवाज खाली आणतो: "भाऊ, मले बी करायचं होतं. फॉर्म कवा निंगते?"

वर्षातून दोनदा, म्हणा. जानेवारी आणि जुलैच्या सत्राला. शेवटची तारीख जवळ आली म्हणून घाबरू नको, वाढवतात.